तारेवरचं नाव: व्हर्च्युअल मशिनच्या नेटवर्क डिस्कला टीएलएस लावल्याचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

पुण्यातली एक छोटी सॉफ्टवेअर कंपनी. पतसंस्थांना हिशेबाचं सॉफ्टवेअर द्यायचं आणि ते आपल्याच सर्व्हरवर चालवूनही द्यायचं, असा धंदा. मी तिथे सिस्टिम बघायचो. माझ्या हाताखाली एक मुलगा, दोन वर्षांचा अनुभव, आणि वर मालक, ज्यांना आम्ही साहेब म्हणायचो. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तांत्रिक भाग जसाच्या तसा ठेवला आहे.

तीन होस्ट मशिन, एक स्टोरेज सर्व्हर आणि बॅकअपसाठी एक जुनं मशिन एवढा सगळा पसारा. होस्टवर डेबियन १२ लिनक्स, आणि व्हर्च्युअल मशिन चालवायला केव्हीएम आणि लिबव्हर्ट. त्यांवर एकतीस व्हर्च्युअल मशिन, म्हणजे खऱ्या मशिनच्या पोटात सॉफ्टवेअरनं उभी केलेली मशिन, थोडक्यात व्हीएम. यातल्या एकाही व्हीएमची डिस्क होस्टवर नव्हती. सगळ्या डिस्क स्टोरेज सर्व्हरवर एलव्हीएमच्या (डिस्कचे भाग पाडायच्या लिनक्सच्या सोयीच्या) व्हॉल्यूम म्हणून होत्या, आणि दर व्हॉल्यूममागे एक क्यूईएमयू-एनबीडी प्रोसेस (क्यूईएमयू म्हणजे प्रत्यक्ष व्हीएम चालवणारं सॉफ्टवेअर) ती नेटवर्कवर उघडी करून बसलेली असायची. पोर्ट १०८०९ पासून पुढे ओळीनं.

एनबीडी म्हणजे नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस. लिनक्सच्या जगात १९९०च्या दशकापासून असलेला, आणि त्यातला साधेपणा अजून टिकवून असलेला प्रोटोकॉल. अमुक ठिकाणापासून इतके बाइट दे, तमुक ठिकाणी हे बाइट लिही, संपलं. त्याच्या मूळ रूपात पासवर्ड नाही, युजर नाही, टीएलएसही (वाहतूक एन्क्रिप्ट करून समोरच्याची ओळख सर्टिफिकेटनं तपासणारा थर) नाही. पोर्टपर्यंत जो पोहोचला तो मालक. कोणकोणत्या डिस्क आहेत याची यादी मागायचीही त्यात सोय आहे, आणि सर्व्हर ती प्रामाणिकपणे देतो.

हे सगळं एकाच रॅकमध्ये होतं तोवर कुणाला त्याचं काही वाटलं नाही. दोन मशिनमध्ये हातभर केबल, तिला कोण कान लावणार? मग दुसऱ्या मजल्यावरच्या खोलीचा एसी वारंवार बंद पडायला लागला. चौथ्या मजल्यावर एक गाळा रिकामा झाला, तिथला एसी चांगला होता, म्हणून स्टोरेज तिकडे हलवलं. आता दोन मजल्यांमधली केबल इमारतीच्या सामायिक डक्टमधून जायला लागली, आणि तिसऱ्या मजल्यावर इमारतीच्या एका स्विचला टेकून पुढे जायची. तो स्विच ज्या कपाटात होता त्याची किल्ली वॉचमनकडे असायची.

हा निर्णय माझाच होता. एका रविवारी सकाळी दहाला हलवाहलव सुरू केली, दुपारच्या जेवणाला सगळं चालू झालं होतं, आणि मी खूश होतो.

अडचण

एका मोठ्या पतसंस्थेनं आमच्याकडे ऑडिटर पाठवल्या. निमित्त डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा, २०२३ चं होतं. वाजवी सुरक्षा न ठेवल्यानं डेटा फुटला तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि तो आकडा कुठल्याही संचालक मंडळाची झोप उडवायला पुरेसा आहे. ऑडिटर मॅडमनी कागद बघितले, मग म्हणाल्या, "चला, केबल कुठून जाते ते दाखवा." मी त्यांना तिसऱ्या मजल्यावर घेऊन गेलो. वॉचमननं किल्ली दिली. नाव विचारलं नाही, वहीत नोंदही केली नाही. मॅडमनी ते लिहून घेतलं.

मग त्यांनी होस्टवर टीसीपीडम्पनं दोन मिनिटांची वाहतूक पकडायला सांगितली. फाइल वायरशार्कमध्ये उघडली. उजवीकडच्या मजकुराच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी नुसते ठिपके. मी म्हणालो, "बघा मॅडम, वाचता येण्यासारखं काही नाही."

माझा सहकारी मागे उभा होता. "सर, डावीकडं बघा," तो म्हणाला. डावीकडच्या हेक्सच्या (सोळा अंकी पद्धतीत लिहिलेल्या बाइटच्या) रकान्यात दर तीन बाइटला तीच जोडी येत होती: ई० ए४, ई० ए४, मध्येच ई० ए५. देवनागरी यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे युनिकोडची अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, अशीच दिसते. युनिकोडमधला आपला सगळा ठोकळा ई० ए४ आणि ई० ए५ या दोनच जोड्यांनी सुरू होतो, तिसरा बाइट अक्षर ठरवतो. वायरशार्कच्या त्या रकान्याला फक्त इंग्रजी अक्षरं कळतात म्हणून तो ठिपके काढत होता. मुलानं अठरा बाइट उचलले आणि टर्मिनलवर टाकले. समोर आलं: विठ्ठल. पुढचे बाइट टाकले तसं आडनाव आलं, गाव आलं, कर्जखात्याचा क्रमांक आला. (नाव इथे बदललेलं आहे.)

इंग्रजी डेटा असता तर मला ते कधीच दिसलं असतं. मराठीनं मला काही दिवस खोटा दिलासा दिला, एवढंच.

अहवालात दोन मुद्दे आले. एक, स्टोरेजची वाहतूक उघडी आहे. दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा गंभीर वाटला: त्या स्विचला लॅपटॉप लावणारा माणूस डिस्क नुसती वाचू शकतो असं नाही, लिहूही शकतो. पहिल्यात माहिती फुटते. दुसऱ्यात खात्यातली शिल्लक बदलते.

समोरचे पर्याय

सगळ्यात आधी साहेबांनी विचारलं, "व्हीलॅन आहे ना आपला वेगळा?" होता. पण व्हीलॅन, म्हणजे त्याच स्विचवर आखलेलं वेगळं नेटवर्क, हा पाकिटावरचा पत्ता, पाकिटाचं सील नव्हे. स्विचवर ज्याचा हात आहे त्याला त्यानं काही फरक पडत नाही.

स्टोरेज परत खाली आणायचं, हा खरं तर सगळ्यात स्वस्त उपाय. एसीचं काय करायचं याचं उत्तर नव्हतं, आणि खाली आणलं तरी दुसरा मुद्दा उरतच होता, कारण तिन्ही होस्टना आणि बॅकअप मशिनला प्रत्येक डिस्क उघडी होती.

एनबीडी सोडून आयस्कझी या नेटवर्क डिस्कच्या दुसऱ्या प्रोटोकॉलवर जायचं, असंही एकानं सुचवलं. आयस्कझीत चॅप असतं म्हणून ते सुरक्षित, असा समज आपल्याकडे बराच पसरला आहे. चॅप फक्त दारात ओळख विचारतं. आत गेल्यावर डेटा उघडाच वाहतो, तो झाकायला खाली आयपीसेक हे नेटवर्कचं एन्क्रिप्शन लावावं लागतं. एनएफएसचा, म्हणजे नेटवर्कवरून फाइल वाटण्याच्या पद्धतीचा, विचार थोडा जास्त केला. टीएलएसवरून एनएफएस चालवायचं मानक २०२२ मध्ये आरएफसी ९२८९ म्हणून आलं, लिनक्समध्ये सर्व्हरची बाजू ६.४ आणि क्लायंटची ६.५ कर्नलमध्ये आली. डेबियन १२ चा कर्नल ६.१. केवळ यासाठी सगळ्या होस्टचे कर्नल बदलायची माझी तयारी नव्हती.

व्हीएमच्या डिस्कच लुक्स या डिस्क एन्क्रिप्शनच्या पद्धतीनं एन्क्रिप्ट करायच्या, हा चांगला पर्याय होता. क्यूईएमयू स्वतः लुक्स हाताळतं, होस्टवरच कुलूप लागतं, म्हणजे तारेवर आणि स्टोरेजच्या डिस्कवर दोन्हीकडे गिचमिडच दिसते. पण एकतीस डिस्कचा डेटा नव्यानं लिहावा लागणार, आणि लिहिण्याची वाट तरीही उघडीच. चोराला वाचता आलं नाही तरी कचरा टाकता येतो, किंवा कालचे ब्लॉक आज परत ठेवता येतात.

उरले दोन. वायरगार्डचा (मशिनमधली सगळी वाहतूक झाकणाऱ्या व्हीपीएनचा) बोगदा, किंवा एनबीडीचं स्वतःचं टीएलएस.

निर्णय कसा झाला

वायरगार्ड मला मनापासून आवडतं. कर्नलमध्ये ५.६ पासून आहे, पाच मशिनच्या चाव्या एकमेकांना दिल्या की काम झालं. व्हीएमची एकही व्याख्या बदलावी लागली नसती. एका संध्याकाळचं काम.

एनबीडीचं टीएलएस त्या मानानं पसाऱ्याचं. क्यूईएमयूमध्ये ते २०१६ सालच्या २.६ आवृत्तीपासून आहे. क्लायंट आणि सर्व्हर आधी उघड्यावर दोन शब्द बोलतात, मग क्लायंट "आता टीएलएस सुरू करू" म्हणतो, आणि तिथून पुढचं सगळं, अगदी डिस्कचं नावसुद्धा, झाकलेलं जातं. सर्व्हरला टीएलएस दिलं की तो उघडी जोडणी घेतच नाही. मागणी आली तर "आधी टीएलएस" एवढंच उत्तर देतो. पण त्यासाठी स्वतःचं सर्टिफिकेट देणारं केंद्र उभारायचं, प्रत्येक मशिनला सर्टिफिकेट द्यायचं, ती वेळेवर बदलायची, आणि सगळ्या व्हीएम एकदा बंद करायच्या.

मी टीएलएस निवडलं ते बॅकअपच्या मशिनमुळे. ते जुनं होतं, त्यावर सगळ्यांचे हात होते, डेव्हलपरसुद्धा त्यावर काही ना काही चालवायचे. वायरगार्डला मशिन कळतं, डिस्क कळत नाही. बॅकअप मशिन बोगद्यात आलं की त्याला सगळी पोर्टं दिसणार, मग पुन्हा फायरवॉलचे नियम लिहीत बसायचं. क्यूईएमयू-एनबीडीत ४.० पासून अशी सोय आहे की अमुक प्रोसेसशी फक्त अमुक नावाच्या सर्टिफिकेटवाल्यानं बोलायचं. बॅकअप मशिनला फक्त स्नॅपशॉट (डिस्कची त्या क्षणाची गोठवलेली प्रत) दिसतील, जिवंत डिस्क नाही, हे मला हवं होतं.

साहेबांनी एकच प्रश्न विचारला: "हे तू गेल्यावर कोण सांभाळणार?" मी सहकाऱ्याकडे बघितलं, त्यानं माझ्याकडे बघितलं. या प्रश्नाला तेव्हा नीट उत्तर दिलं नाही, आणि तो पुढे दोनदा परत आला.

काय केलं

सर्टिफिकेट केंद्रासाठी एक जुना लॅपटॉप घेतला. त्याला नेटवर्क अजिबात द्यायचं नाही, वापर झाला की तिजोरीत. पेनड्राइव्हवरून लिनक्स चालू करायचं, सर्टटूलनं सही करायची, फाइल दुसऱ्या पेनड्राइव्हवर न्यायच्या. मूळ सर्टिफिकेट दहा वर्षांचं, मशिनची एकेका वर्षाची.

लिबव्हर्टमध्ये बदल थोडा आहे. क्यूईएमयूच्या कॉन्फिगमध्ये एनबीडी टीएलएस चालू करायचं, सर्टिफिकेटची जागा सांगायची, आणि प्रत्येक व्हीएमच्या डिस्कच्या सोर्समध्ये टीएलएस "यस" लिहायचं. स्टोरेजच्या बाजूला सिस्टिमडीच्या (लिनक्समध्ये सर्व्हिस चालू-बंद करणाऱ्या व्यवस्थेच्या) सर्व्हिसच्या साच्यात टीएलएसचा ऑब्जेक्ट आणि समोरच्याचं सर्टिफिकेट तपासायची सूचना.

पहिल्या दिवशीच्या चुका नेहमीच्याच. किल्लीची फाइल रूटच्या नावानं, फक्त रूटला वाचता येईल अशी ठेवली होती, पण क्यूईएमयू चालतं वेगळ्या युजरखाली, त्याला ती उघडेना. व्हीएमच्या व्याख्येत स्टोरेजचा आयपी पत्ता होता आणि सर्टिफिकेटवर नाव, त्यामुळे ओळख जुळेना. सर्टिफिकेटमध्ये आयपीही घातला. कुणाला कोणती डिस्क हे सांगताना सर्टिफिकेटचं पूर्ण नाव लिहावं लागतं, त्यात स्वल्पविराम असतात, आणि कमांडमध्ये ते प्रत्येक वेळी दोनदा द्यावे लागतात. एकदाच दिला की क्यूईएमयूला तिथे नवा पर्याय सुरू झालासा वाटतो. या एका स्वल्पविरामानं सहकाऱ्याचा अर्धा दिवस खाल्ला.

व्हीएम एकेक करून बदलायच्या ठरल्या, शनिवारी दुपारनंतर, साधारण सहा-सहाच्या तुकड्यांनी. व्हीएम बंद, जुनी प्रोसेस बंद, टीएलएसवाली चालू, व्याख्या बदल, व्हीएम चालू. इथे "बंद" शब्द महत्त्वाचा. एका ग्राहकाच्या माणसानं आम्ही सांगितल्यावर आतून रीस्टार्ट केलं आणि "झालं" म्हणून फोन ठेवला. आतून रीस्टार्ट केल्यानं होस्टवरची क्यूईएमयू प्रोसेस तीच राहते, व्याख्या नव्यानं वाचली जात नाही. पूर्ण बंद करून पुन्हा चालू करावं लागतं.

साडेपाच तास

पहिल्या शनिवारी पहिल्या दोन होस्टची आणि स्टोरेजची सर्टिफिकेटं दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी सही केली. खाली येऊन लावली. स्टोरेजवरची सर्व्हिस उठेना. लॉगमध्ये ओळ: सर्व्हर सर्टिफिकेट अजून ॲक्टिव्ह नाही.

हा संदेश इतका स्पष्ट आहे की आज मला लाज वाटते. पण दिवसभर सिस्टिमडीशी खेळत असलेल्या माणसाच्या डोक्यात "ॲक्टिव्ह" म्हणजे सर्व्हिस चालू असणं. आम्ही सर्व्हिस पुन्हा पुन्हा चालू करत बसलो. मग परवानग्या तपासल्या. मग सर्टिफिकेटं पुन्हा कॉपी केली, पेनड्राइव्ह खराब असेल म्हणून. साडेसातला चहा झाला. आठला साहेबांचा फोन, "किती वेळ?" सहा व्हीएम बंद होत्या. नऊ वाजता मी हार मानून जुन्या पद्धतीवर परतायची तयारी केली, सहकारी म्हणाला, "सर, होस्ट्स फाइलमध्ये नाव टाकून एकदा बघू." टाकलं (त्या फाइलमध्ये मशिनच्या नावाशी त्याचा आयपी पत्ता जोडलेला असतो). अजून दोन-तीन गोष्टी चाळल्या. पावणेदहाला सर्व्हिस चालू केली आणि ती उठली. व्हीएम आल्या. आम्ही होस्ट्स फाइलला श्रेय दिलं आणि घरी गेलो. वहीत तसं लिहूनही ठेवलं: नाव होस्ट्स फाइलमध्ये हवंच.

पुढच्या शनिवारी तिसऱ्या होस्टचं आणि बॅकअप मशिनचं सर्टिफिकेट. होस्ट्स फाइल आधीच भरलेली. आणि तीच ओळ पुन्हा. या वेळी सहकाऱ्यानं सर्व्हिसला हात न लावता सर्टिफिकेटच सर्टटूलनं उघडून वाचलं. "सर, हे रात्री साडेनऊनंतर चालू होणार आहे."

लॅपटॉपला नेटवर्क नव्हतं म्हणून वेळ कुठून मिळत नव्हती. मूळचा तो विंडोजचा लॅपटॉप, आणि विंडोज मदरबोर्डच्या घड्याळात स्थानिक वेळ ठेवतं. पेनड्राइव्हवरचं लिनक्स त्या घड्याळाला यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) समजतं, आणि त्यात टाइमझोनही यूटीसीच होता. त्यामुळे पडद्यावर चार वाजून दहा मिनिटं दिसायची, भिंतीवरही चार वाजून दहा मिनिटं, सगळं जुळतंय असं वाटायचं. पडद्यावर वेळेच्या पुढे यूटीसी ही तीन अक्षरं होती, ती कुणी वाचली नाहीत. यूटीसीतले चार दहा म्हणजे आपले रात्रीचे नऊ चाळीस. सर्टिफिकेट साडेपाच तास भविष्यात जन्मलं होतं.

गंमत म्हणजे सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनंतर आम्ही प्रत्येक सर्व्हरचं घड्याळ एनटीपीनं (नेटवर्कवरून वेळ घेऊन) जुळवून घेतलं होतं, त्याचा अहवालही ऑडिटरना दिला होता. सुरक्षेसाठी ज्या एका मशिनला नेटवर्कपासून तोडलं, तेवढंच सुटलं, आणि नेमकं तेच सगळ्यांच्या वेळेवर शिक्का मारत होतं.

आता सर्टटूलच्या साच्यात सुरुवातीची तारीख आदल्या दिवसाची हातानं लिहितो. वहीतली होस्ट्स फाइलची ओळ खोडली, पण पुसली नाही.

वीस बाइट

दुसरी चूक जास्त महाग पडू शकली असती. रात्रीचा बॅकअप असा चालायचा: एलव्हीएमचा स्नॅपशॉट, त्याच सर्व्हिसच्या साच्यातून तो एनबीडीवर उघडायचा, बॅकअप मशिनवरून एनबीडीकॉपीनं ओढायचा आणि पाइपमधून (एका आज्ञेतून निघालेलं थेट दुसरीला देत) फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपला द्यायचा. साच्यात टीएलएस आल्यावर स्नॅपशॉटही टीएलएस मागू लागले. बॅकअपच्या स्क्रिप्टला आम्ही हातच लावला नव्हता. बॅकअप मशिनचं सर्टिफिकेटही तेव्हा दुसऱ्या तुकडीत होतं.

एनबीडीकॉपी अपयशी झालं, पण पाइपमध्ये शेवटची आज्ञा जीझिपची. जीझिपला रिकामा इनपुट मिळाला, त्यानं तो निमूटपणे दाबला आणि "यशस्वी" म्हणून परतलं. शेलला शेवटच्या आज्ञेचाच निकाल दिसतो. रोजचा मेल आला: बॅकअप पूर्ण. सोमवारी सकाळी जागा किती उरली बघताना फाइलच्या आकाराकडे लक्ष गेलं. सहा फाइल, प्रत्येक बरोबर २० बाइट. रिकाम्या इनपुटची जीझिप फाइल तेवढीच होते: दहा बाइट डोकं, दोन बाइट पोट, आठ बाइट शेपूट.

शनिवार, रविवार दोन रात्री सहा ग्राहकांचा बॅकअप नव्हता. काही घडलं नाही हे आमचं नशीब. दुरुस्ती सोपी होती: स्क्रिप्टमध्ये पाइपफेल (पाइपमधली कुठलीही आज्ञा फसली तर अपयश दाखवायची सूचना), पत्ता एनबीडीएसनं सुरू होणारा, आणि आकार ठरावीक मर्यादेखाली असला तर आरडाओरडा. पत्त्याच्या या नव्या रूपाबद्दल एक सांगतो, कारण यात आणखी कुणीतरी अडकेल: एनबीडीएस हे लिबएनबीडीच्या हत्यारांना (एनबीडीकॉपी त्यातलंच) कळतं, आमच्या क्यूईएमयूच्या क्यूईएमयू-आयएमजीला कळत नव्हतं. तिथे टीएलएसचा ऑब्जेक्ट वेगळा द्यावा लागतो.

निष्पन्न

पाच शनिवार लागले. शेवटी ऑडिटर मॅडम परत आल्या, पुन्हा तिसऱ्या मजल्यावर गेल्या (वॉचमननं या वेळी वहीत सही घेतली), पुन्हा वाहतूक पकडली. हेक्समध्ये ई० ए४ शोधलं. दाट गोंधळात अशी जोडी योगायोगानं कुठेतरी येतेच, पण तीन-तीनच्या ठेक्यात कुठेच नाही. मात्र प्रत्येक जोडणीच्या सुरुवातीला स्वच्छ इंग्रजीत "एनबीडीमॅजिक" दिसत होतं. "हे उघडं का?" म्हणून त्यांनी बोट ठेवलं. प्रोटोकॉलचं अभिवादन आहे, टीएलएस त्यानंतर सुरू होतं, डेटा आणि डिस्कचं नाव दोन्ही आत आहे, हे ओळीओळीनं दाखवावं लागलं. मग मी त्यांच्यासमोर सर्टिफिकेट नसलेल्या लॅपटॉपवरून डिस्कची यादी मागितली. सर्व्हरनं नकार दिला. तो नकार अहवालात चिकटवला गेला.

वेगाचं म्हणाल तर दिवसा कुणाची तक्रार आली नाही. हिशेबाच्या सॉफ्टवेअरचं वाचन-लेखन तुकड्यातुकड्यानं असतं. रात्रीचा बॅकअप मात्र लांबला. क्यूईएमयूमध्ये टीएलएसचं काम प्रोसेसच्या आतच, ग्नूटीएलएस या लायब्ररीकडून होतं, एका जोडणीचा भार एका कोअरवर पडतो. चालू प्रोसेस दाखवणाऱ्या टॉप आज्ञेत एक प्रोसेस शंभर टक्क्यांवर आणि बाकी कोअर निवांत, असं चित्र. प्रत्येक डिस्कची प्रोसेस वेगळी असल्यानं दोन-दोन बॅकअप समांतर लावले आणि काम भागलं. बॅकअप मशिन तरीही रडतच होतं. त्याच्या बायोसमध्ये प्रोसेसरची एईएस एन्क्रिप्शनची सोय कुणीतरी कधीतरी बंद करून ठेवली होती. ती चालू केल्यावर जो फरक पडला तो बाकी सगळ्या खटपटीपेक्षा मोठा होता.

पुन्हा करायचं झालं तर

पहिल्याच आठवड्यात वायरगार्ड लावलं असतं. टीएलएसऐवजी नव्हे, त्याच्या आधी. अहवाल आला त्या दिवसापासून शेवटच्या व्हीएमपर्यंत डेटा उघडाच वाहत होता, आणि ते आठवडे मी सर्टिफिकेटांच्या नावांवर घालवले. एका संध्याकाळच्या कामानं डक्टचा प्रश्न तरी तेव्हाच मिटला असता. नीट उपाय करायच्या हट्टापायी तात्पुरता उपाय टाळला, हे मला आज चुकलेलं वाटतं. सहकाऱ्याचं मत वेगळं आहे. त्याच्या मते वायरगार्ड लागलं असतं तर साहेबांनी टीएलएसला पुढे परवानगीच दिली नसती. तोही बरोबर असेल.

दुसरा मुद्दा व्हीएम बंद करण्याचा. क्यूईएमयू-एनबीडी टीएलएस दिल्यावर उघडी जोडणी नाकारतं, म्हणून जुनं-नवं एकाच प्रोसेसवर शेजारी चालवता येत नव्हतं. एनबीडीकिट या दुसऱ्या एनबीडी सर्व्हरला मात्र मधली अवस्था आहे: टीएलएस मागेल त्याला टीएलएस, नाही त्याला उघडं. त्याच्या आधारे चालत्या व्हीएम लाइव्ह मायग्रेशननं (बंद न करता दुसऱ्या होस्टवर हलवून), बदललेली व्याख्या देऊन, नव्या जोडणीवर नेता आल्या असत्या. मी तो मार्ग सोडला, कारण मधल्या अवस्थेत वाटेवर बसलेला माणूस टीएलएसची बोलणी खोडून क्लायंटला उघड्यावर आणायचा प्रयत्न करू शकतो, आणि अशा "तात्पुरत्या" अवस्था आमच्याकडे वर्षानुवर्षं टिकतात. चाचणीच्या व्हीएमवर तरी तो करून बघायला हवा होता.

तिसरा मुद्दा मुदतीचा, आणि हा मला वर्षभरानं कळला. सर्टिफिकेटची मुदत संपली म्हणून चालू जोडणी तुटत नाही. तपासणी होते ती हातमिळवणीच्या वेळी. म्हणजे मुदत संपली तरी सगळं मजेत चालतं, आणि मग एखाद्या रात्री वीज जाते, सगळं एकदम उठायला बघतं, आणि एकही डिस्क जोडली जात नाही. उलट बाजूनं, नवी फाइल जागेवर ठेवली तरी चालू असलेली क्यूईएमयू-एनबीडी जुनीच मनात धरून बसते, तिला पुन्हा चालू करावं लागतं. आम्ही व्हीएमच्या व्याख्येत पुन्हा जोडणीसाठी काही सेकंदांची मुभा ठेवली. ती नसती तर सर्व्हर क्षणभर गेला की व्हीएमला थेट डिस्क गेल्याची चूक दिसली असती. मुभेत व्हीएम श्वास रोखून थांबते आणि पुढे चालू लागते. व्हीएमच्या बाजूचं सर्टिफिकेट मात्र प्रोसेस सुरू होतानाच वाचलेलं असतं. त्यासाठी व्हीएम नव्या सर्टिफिकेटच्या होस्टवर मायग्रेट करतो, तिथे नवी प्रोसेस जन्मते.

आणि साहेबांचा प्रश्न. मी ती कंपनी सोडली तेव्हा सगळं लिहून दिलं. त्यानंतरच्या पहिल्या नूतनीकरणाला सहकाऱ्याचा फोन आला, शनिवारच होता. लॅपटॉप तिजोरीतून काढला होता, घड्याळाची बॅटरी संपलेली, पडद्यावर जानेवारी २०१५. झाकणावर त्यानंच चिकटवलेली चिठ्ठी त्यानं मला वाचून दाखवली: आधी तारीख, मग वेळ, मग शेवटची तीन अक्षरं, मोठ्यानं.